किनाऱ्यावर बसलेल्या मुली

अंदमानच्या शैक्षणिक सहलीसाठी संमतिपत्रं मागवली, तेव्हा 1906 साली पूर्ण झालेलं सेल्युलर जेल आणि समुद्रिका संग्रहालय पाहायला कुणाचीच हरकत नव्हती. नॉर्थ बेच्या स्नॉर्कलिंगला मात्र मुलांना होकार आला, बहुतेक मुलींना नकार. कारण एकच, कपडे.

मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो, वर लाइफ जॅकेट असतंच. आणि आमच्या कोकणात बायका भिजत खडकांवरची कालवं काढतात, तेव्हा कुणाला पडदा आठवत नाही!

सकाळी संग्रहालयात मुलींनी काचेमागचे प्रवाळाचे सांगाडे पाहिले. प्रवाळ हा प्राणी आहे, त्याला बराचसा रंग अंगातल्या सूक्ष्म शैवालामुळे येतो, पाणी फार तापलं की शैवाल निघून जातं आणि तो पांढरा पडतो, हे सगळं वहीत उतरवलं. दुपारी जिवंत प्रवाळ पाहिलं ते मुलांनी. मुली नारळपाणी पीत बसल्या. एकीने विचारलं, "टीचर, खाली खरंच रंग दिसतात का?"

इल्म फर्ज आहे, हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. मग ते गुडघाभर पाण्यापाशीच का थांबतं?

पुढच्या वेळी संमतिपत्राबरोबर त्या पोशाखाचा फोटो पाठवणार आहे. आणि सभा आधी आयांची घेणार.