शेवटची प्रत रद्दीत जाण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली की घरोघर माळे उतरवले जातात, कपाटांचे तळ उपसले जातात आणि रद्दीवाल्याचा काटा दाराशी लागतो. ग्रंथालयांचीही अशीच साफसफाई असते. तिला 'निर्लेखन' असे भारदस्त नाव आहे. जीर्ण झालेली, कोणी न वाचणारी पुस्तके दाखल-वहीतून कमी करायची आणि किलोच्या भावाने विकायची, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ. त्यात गैर काही नाही. जागा थोडी, पुस्तके फार. नव्याला वाट हवीच.

गेल्या वर्षी अशाच एका निर्लेखनाच्या वेळी मी त्या ग्रंथालयाच्या ओसरीवर उभा होतो. गावाचे आणि ग्रंथालयाचे नाव सांगत नाही, कारण अपराध त्यांच्या एकट्याचा नाही. सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांतून एक पातळसे पुस्तक डोकावत होते. काढून पाहिले. गृहिणींसाठी लिहिलेले आरोग्याचे पुस्तक. कर्त्रीच्या नावाच्या जागी 'एक भगिनी' एवढेच शब्द, आणि खाली 'शके १८२५'. ग्रंथपालांच्या हातातल्या यादीत मी तीच नोंद शोधली. लेखकाच्या रकान्यात लिहिले होते : 'भगिनी, एक'. आडनाव आधी लिहावे हा नियम पाळला होता ना! सालाच्या रकान्यात १८२५. म्हणजे त्या यादीप्रमाणे हे पुस्तक मराठी मुद्रण नुकते रांगू लागले होते त्या काळचे. आणि इतके दुर्मीळ रत्न किलोच्या भावाने चालले होते! वास्तविक शके १८२५ म्हणजे इसवी सन १९०३-०४. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, हे माझ्या सातवीच्या मुलांनाही येते.

दहा रुपये देऊन मी ते पुस्तक घेतले. घरी येताना एक साधा प्रश्न मनात आला : याची दुसरी प्रत महाराष्ट्रात कुठे आहे काय? चार ग्रंथालयांना पत्रे लिहिली, दोन ठिकाणी स्वतः गेलो, संगणकावरच्या तीन याद्या धुंडाळल्या. महिना गेला. उत्तर मिळाले नाही. 'नाही' असे उत्तर आले असते तरी मी समाधान मानले असते. पण 'नाही' म्हणण्याइतकी माहितीही कोणापाशी नव्हती. वाचकहो, माझे भांडण आहे ते एवढ्यासाठीच. आपल्या भाषेतले एखादे पुस्तक जगात उरले आहे की नाही, हे आज मराठी माणसाला एका जागी बसून सांगता येत नाही.

याद्या नाहीत म्हणून हे घडते असे समजू नका. याद्यांचा सुकाळ आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० इतके जुने. राज्यातल्या मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या दहा हजारांवर आहे. प्रत्येकाची वही वेगळी, रकाने वेगळे, रीत वेगळी. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आहेत, लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात जुनी मराठी पुस्तके आहेत. त्यांच्या याद्या आणखी निराळ्या. विहिरी पुष्कळ आहेत. पण कोणत्या विहिरीत किती पाणी आहे हे सांगणारा पाटकरी गावात नाही.

असा एक माणूस पूर्वी होऊन गेला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ साली. तेव्हा संगणक नव्हता. होती ती कागदाची चिठोरी, दौत-टाक आणि अढळ निष्ठा. आज आमच्या खिशातल्या दूरध्वनीत अख्खे कपाट मावते, तरीही दात्यांच्या पुढची सगळीच्या सगळी वर्षे आम्हाला त्यांच्या रीतीने एका सूत्रात ओवता आली नाहीत. याला साधनांची उणीव म्हणावे की लाज?

आता सरकारच्या दारात जाऊ. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारात द्यावी लागे आणि त्या पुस्तकांच्या तिमाही याद्या राजपत्रात येत. परक्या सरकारचा हेतू नजर ठेवण्याचा होता, पण त्या पाळतीचे फळ म्हणून सूची तरी पदरात पडली. २०२३ च्या नव्या कायद्याने तो जुना कायदा गेला. नव्या कायद्यात नियतकालिकांची नोंदणी आहे, पुस्तकांची नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना प्रती द्यावयाच्या असतात. आपल्या ओळखीच्या एखाद्या छोट्या प्रकाशकाला सहज विचारून पाहा, शेवटची प्रत त्याने कधी धाडली. तो हसेल आणि चहा मागवील.

यावर काही विद्वान म्हणतात, "मास्तर, आता काळजी कसली? सगळ्या याद्या संगणकात घाला, एकत्र करा, संपले." या 'संपले' शब्दाचाच मला राग आहे. दहा घरांचे दाणे एका पोत्यात ओतले म्हणजे धान्य निवडले असे होत नाही. माझ्या वर्गात तीन आर्यन आहेत आणि दोन आदित्य पाटील. नुसत्या नावावरून गुणपत्रके वाटली तर पालक मला शाळेतून बाहेर काढतील. पुस्तकांच्या बाबतीत मात्र हा गोंधळ आम्ही मुकाट्याने चालू देतो.

'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आले ते विभावरी शिरूरकर या नावाने. त्याच मालतीबाई बेडेकर, आणि माहेरच्या बाळूताई खरे. एका यादीत एक नाव, दुसरीत दुसरे, तिसरीत तिसरे. सगळ्या याद्या नुसत्या एकत्र ओतल्या की एका बाईच्या तीन बायका होतात. याच्या उलट, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या आणि खानदेशच्या बहिणाबाई चौधरी विसाव्या शतकापर्यंतच्या. त्यांची गाणी १९५२ साली छापून आली. आडनाव गाळणारी एखादी यादी मध्ये शिरली की यंत्र दोन बहिणाबाईंची एक करून टाकते. मग अभंग रचणारी बाई खानदेशी वळणाची गाणी गाऊ लागते!

पुस्तकांच्या नावांचीही तीच दशा. टिळकांच्या १९१५ च्या ग्रंथाचे पूर्ण नाव 'श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र'. कोणी तो 'श्री'खाली लावतो, कोणी 'गीता'खाली, कोणी 'कर्म'खाली. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी कितीतरी अनुस्वार पुसले, त्यामुळे 'कांहीं' आणि 'काही' ही यंत्राच्या लेखी दोन शब्द झाली. पु. लं.ची 'वाऱ्यावरची वरात' घ्या. त्यातला अर्धा 'र' संगणकावर दोन तऱ्हांनी उमटवता येतो. डोळ्यांना तो एकच दिसतो, यंत्राला मात्र दोन. एका तऱ्हेने शोधले तर वरात सापडते, दुसऱ्या तऱ्हेने शोधले तर नवरदेवासकट गायब! पुस्तकाला लावायचा जो आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो तो १९७० च्या सुमाराचा. त्याआधीच्या पुस्तकांच्या कपाळी तो असणार कुठून?

हे सगळे पाहून दुसऱ्या जातीचे शहाणे पुढे सरसावतात. हे अधिकारी वळणाचे. म्हणतात, "मग एकच नमुना ठरवा, सर्वांनी तोच भरावा, जुन्या वह्या बाद करा." याला माझा पहिल्याहून अधिक विरोध आहे. जुनी नोंद चुकीची असली तरी ती साक्ष असते. 'भगिनी, एक' या हास्यास्पद नोंदीनेच मला कळले की हे पुस्तक त्या ग्रंथालयात खरोखर होते. ती नोंद पुसून वर शुद्ध नोंद लिहिली, आणि शुद्ध करणाराच चुकला, तर मागे जायला वाट कोणती?

आषाढीच्या आधी वाखरीला पालख्या एकत्र येतात. म्हणून ज्ञानोबांची पालखी तुकोबांची होत नाही. प्रत्येक दिंडीला आपला क्रमांक असतो, आपली जागा असते, आपले वीणेकरी असतात. आणि तरीही वाट एक, पंढरी एक. मला सूची हवी आहे ती अशी. प्रत्येक ग्रंथालयाची नोंद जशीच्या तशी राहावी, ती कोणाकडून आली हे तिच्या शेजारी लिहिलेले असावे, आणि त्या सर्वांच्या वर एक समाईक थर असावा. त्या थरात प्रत्येक लेखकाला एक क्रमांक, प्रत्येक ग्रंथाला एक क्रमांक आणि त्याच्या प्रत्येक आवृत्तीला पोटक्रमांक. विभावरी, मालतीबाई आणि बाळूताई या तिन्ही नावांचे धागे एका क्रमांकाशी बांधलेले. दोन याद्यांत साल वेगळे असेल तर दोन्ही साले समोरासमोर, कोणती कोणाची हे सांगून. शके तेथे शके ठेवावे आणि बाजूला इसवी सन द्यावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. २००३ साली अमेरिकेचे काँग्रेस ग्रंथालय, जर्मनीचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची संस्था यांनी लेखकांच्या नावांपुरता असाच करार केला. पुढे इतर देशांची ग्रंथालयेही त्यात आली. टॉलस्टॉयचे नाव जर्मन एका रीतीने लिहितो, फ्रेंच दुसऱ्या, इंग्रज तिसऱ्या. कोणी कोणाला "तुझे स्पेलिंग टाकून दे" म्हटले नाही. सगळ्या रूपांना मिळून एक क्रमांक दिला, की झाले. परस्परांशी महायुद्धे खेळलेल्या देशांना हे जमते. ठाणे आणि पुणे यांच्यात तर एवढे वैर नाही!

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे, म्हणून तो जपून बोलतो. काही संस्थाचालक म्हणतात, "आमची यादी आमच्या पूर्वजांनी घाम गाळून केली; ती फुकट का द्यावी?" त्यांचा अभिमान मला मान्य आहे. पण यादी दिल्याने पुस्तक जात नाही. दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी गेले तर ते रिकामे परत येत नाही, ही आपल्याकडची रीत आहे. ज्या ग्रंथालयाने शंभर नोंदी दिल्या त्याला सुधारलेल्या शंभर नोंदी परत मिळाव्यात, आणि प्रत्येक नोंदीपुढे त्याचे नाव राहावे. ही देवघेव एकदाच करून भागणार नाही. मूळ यादीत नवे पुस्तक आले, जुने गेले, की वरच्या थरातही ते ठराविक दिवसांनी उतरले पाहिजे. नाहीतर आजची सूची पाच वर्षांनी जुन्या पंचांगासारखी होईल : तिथ्या सगळ्या आहेत, पण या वर्षीच्या नाहीत.

आणि चुका दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला? जो पुस्तक हातात धरून बसला आहे त्याला. राजधानीत बसलेल्या कारकुनाला दिसते ते यादीतले नाव; खेड्यातल्या ग्रंथपालाला दिसते ते मुखपृष्ठ. त्याने सुधारणा सुचवावी, जाणत्याने ती तपासावी, आणि सुधारणारा कोण हेही लिहून ठेवावे. त्या ग्रंथपालाला मिळणारे वेतन किती तुटपुंजे असते हे ठाऊक असूनही मी हे म्हणतो. त्याच्याकडून हे काम घ्यायचे असेल तर त्याचा मोबदला अनुदानात वेगळा धरावा. फुकटची सेवा मागून भाषेची सेवा होत नाही.

एवढे होईपर्यंत निदान एक नियम आजच करावा, आणि तो करायला पैसा लागत नाही : १९५० पूर्वीचे कोणतेही मराठी पुस्तक, दुसरी प्रत कोठे आहे याची लेखी खात्री झाल्यावाचून, निर्लेखनात काढू नये. दुसरी प्रत असेल तर खुशाल विका. नसेल तर ते पुस्तक त्या ग्रंथालयाचे एकट्याचे उरत नाही, ते सगळ्या मराठी माणसांचे होते.

आणि वाचकहो, हातातल्या या अंकाकडेही एकदा पाहा. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून दर दिवाळीला कितीतरी कथा, कविता, लेख छापले गेले. ग्रंथालयाच्या यादीत अंकाचे नाव आले तर येते. आतल्या लेखांची नावे क्वचित. आजीने कुठल्याशा दिवाळी अंकात लिहिलेली एकुलती एक कथा नातीला वाचायची असेल तर तिने कोणाला विचारावे? यंदा माळा साफ करताना जुने अंक हाती लागले तर काट्यावर ठेवण्यापूर्वी अनुक्रमणिकेचे पान तेवढे वाचा. एखादे ओळखीचे नाव भेटेल. टोपणनावामागचे खरे नाव तुम्हाला माहीत असेल तर ते समासात लिहून ठेवा, कारण ते जाणणारे कदाचित तुम्ही शेवटचे असाल.

'एक भगिनी'चे ते पुस्तक माझ्या टेबलावर आहे. या बाई कोण होत्या मला ठाऊक नाही. वर्गातल्या हजेरीपटावर प्रत्येक मुलाचे नाव रोज पुकारावे लागते. जो 'हजर' म्हणत नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी मी निरोप धाडतो. एकशेवीस वर्षे या बाईंचे नाव कोणी पुकारलेले नाही. पट तयार झाला तर मी पुकारायला बसलो आहे.