कार्ब्युरेटरला हवी ऊब

हिवाळ्यातील धुक्याची सकाळ. जुनी, कार्ब्युरेटरची मोटार सुरू होते, काही अंतर नीट धावते आणि मग तिचा जोर ओसरू लागतो. चढ लागला की ती बंदच पडते. मालक प्लग काढून पाहतो, पेट्रोलच्या पंपावर संशय घेतो. पंधरावीस मिनिटांनी सहज किल्ली फिरवावी, तो गाडी निमूटपणे चालू! अशा गाडीत कारागिरालाही दोष सापडत नाही. सापडणार कसा? दोष होता बर्फाचा, आणि तो तोवर वितळून गेलेला असतो.

पेट्रोलची वाफ होताना ते सभोवतालची उष्णता शोषून घेते. हातावर सांडलेले पेट्रोल गार लागते ते यामुळेच. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलचा फवारा हवेत मिसळतो, तेव्हा तेथील तापमान सुमारे २० अंश सेल्सिअसने उतरू शकते. साहजिकच बाहेर १० अंश असतानाही आत बाष्प गोठते आणि हवेची वाट चोंदते. येथे नुसत्या थंडीपेक्षा दमट थंडी वाईट. लडाखच्या कोरड्या गारठ्याहून गंगेच्या मैदानातील जानेवारीचे धुके या बाबतीत अधिक त्रासदायक ठरते.

उपाय साधा आहे. एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचे टोपण बसवावे; ते नळीला घट्ट चिकटलेले नसावे, मधून हवा खेळली पाहिजे. टोपणातून धातूची लवचीक नळी काढून एअर क्लीनरच्या तोंडाशी एका छोट्या पेटीत आणावी. पेटीला दोन तोंडे, एक ऊन हवेचे व एक गार हवेचे, आणि मध्ये बिजागरीवर फिरणारी एकच झडप. एक तोंड झाकताना दुसरे उघडावे अशी ती असली, म्हणजे दोन्ही तोंडे एकदम बंद होण्याची भीती राहत नाही. पेटी एअर क्लीनरच्या अलीकडेच हवी. एखादा स्क्रू निसटला तरी तो इंजिनात जाणार नाही. झडपेला तार जोडून खटका चालकापाशी आणता येतो, पण बाहेरून फिरविण्याचा साधा दांडाही पुरे.

दोन गोष्टींत हयगय नको. ऊन हवा एक्झॉस्टच्या बाहेरून घ्यावयाची, आतला धूर नव्हे. जोड गळका असेल तर आधी तो दुरुस्त करावा. आणि पत्रा वा नळी पेट्रोलच्या नळीपासून चांगली दूर ठेवावी.

झडप फिरती कशासाठी, कायमची ऊन हवा का नको, असे कोणी विचारील. १० अंशांची हवा ४० अंशांपर्यंत तापली की तिची घनता जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते. तेवढी हवा कमी, तेवढा इंजिनाचा जोर कमी. उन्हाळ्यात वर खडखडही सुरू होते. अनेक जुन्या गाड्यांच्या एअर क्लीनरवर कारखान्यातूनच हिवाळा-उन्हाळा अशी सोय असे. गंमत अशी की, ती फिरवावयाची असते हेच पुष्कळ मालकांना ठाऊक नसते. मे महिन्यात गाडी ओढत नाही म्हणून तक्रार, आणि दांडा हिवाळ्यावर! तेव्हा नवे काही बनविण्यापूर्वी आपल्या गाडीत ही सोय आहे का, ते पाहून घ्यावे.

इंधन फवाऱ्याने देणाऱ्या आजच्या गाड्यांवर मात्र हा प्रयोग करू नये. त्यांच्यात कार्ब्युरेटरच नसतो, आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजून पेट्रोलचे प्रमाण यंत्रच ठरविते.