खिचडीतला ठेचा

खिचडीला कुणी हात लावायचा नाही, असं मानणारी बरीच मंडळी आहेत. शेजवान डोसा त्यांना चालतो, चीज घातलेला वडापावही चालतो. पण मुगाची मऊ खिचडी, वर तुपाची धार, बाजूला पापड आणि लोणच्याची फोड... यात कुणी काही नवं केलं की "वाट लावली!" म्हणून मोकळे. त्यांचं म्हणणं मला कळतं. आजारपणात, प्रवासाहून दमून आल्यावर जी आठवते ती खिचडी. तिथे धक्के नकोच असतात.

तरीही हे सोवळं मला पटत नाही. कदाचित मी पिंपरी-चिंचवडकर असल्यामुळे असेल.

आमच्या गावाकडे बघा ना. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरी कॅम्पात येऊन राहिली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग स्कूटरी आल्या, ट्रक आले, आणि कारखाने सरकत सरकत चाकणपर्यंत पोचले. माणूस कामासाठी येतो तेव्हा जिभेची चव घरी ठेवून येत नाही. सिंधी घरात खिचडीबरोबर साई भाजी असते. पालक, चुका आणि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली. बिहारमधल्या कित्येक घरांत शनिवारी खिचडीच शिजते आणि तिच्याबरोबर चोखा लागतोच. तिकडे तर संक्रांतीच्या सणालाच 'खिचडी' म्हणतात! म्हणजे खिचडी एकट्या आपल्या आजीची नाही. ती बऱ्याच जणांच्या आजीची आहे.

तर माझं मत असं, की मुगाच्या खिचडीशेजारी बिहारी चोखा वाढावा आणि त्या चोख्यात आपला ठेचा घालावा.

कृती सोपी आहे. वांगं आणि टोमॅटो जाळावर भाजायचे, बटाटा उकडायचा, सगळं कुस्करून त्यात बारीक चिरलेला कांदा आणि चमचाभर कच्चं मोहरीचं तेल घालायचं. त्यांच्याकडे यात हिरवी मिरची चिरून घालतात. आपण त्याऐवजी तव्यावर परतून तांब्याच्या बुडाने रगडलेला मिरची-लसणीचा ठेचा घालायचा. मोहरीचं तेल नाकात जातं, ठेचा जिभेवर बसतो आणि मग खिचडीचा घास दोघांनाही शांत करतो. खिचडी मात्र होती तशीच ठेवायची, साधी, पिवळी, पातळसर. तिचं कामच मुळी समजूत घालण्याचं आहे.

यावर "हे आपलं नाही" असं कुणी म्हणालंच, तर त्यांना एकादशीच्या ताटाकडे बघायला सांगावं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटाही तिथलाच. मिरचीसुद्धा अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेली. उपासाची इतकी पवित्र खिचडी, आणि तिच्यातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस समुद्र ओलांडून आलेला!

म्हणून काहीही कशातही घालावं असं मी म्हणत नाही. हल्ली हॉटेलांत शेजवान खिचडी मिळते, ती मला मुळीच आवडत नाही. तिखट आहे म्हणून नाही. तिच्यात कुणीच भेटत नाही म्हणून. ज्या सिच्वान प्रांताचं नाव त्या लाल सॉसला दिलंय, तिथला जिभेला मुंग्या आणणारा मसाला त्यात बहुधा नसतोच. गंमत म्हणजे त्याचं सख्खं भावंड, तिरफळ, आपल्या कोकणात माशाच्या कालवणात पडतं. ते घालायचं कुणाला सुचत नाही. बाटली उघडून ओतणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या ताटातलं चाखून आपल्यात घेणं वेगळं.

आणि शेजारी तर आहेतच. चाकणला चार-पाच जणांत एक खोली, एक शेगडी आणि एक कुकर असं राहणारी कितीतरी पोरं आहेत. कुणी पाटण्याकडचा, कुणी बीड-लातूरचा. शिफ्ट सुटल्यावर दोन भाज्या कोण करत बसणार? कुकरला खिचडीच लागते. आपण मात्र अजून 'बाहेरचे' आणि 'आपले' याचा हिशोब मांडत बसतो. मला कधीकधी वाटतं, "आमच्या पदार्थाची वाट लावली" ही तक्रार नेहमीच पदार्थाबद्दल नसते. बऱ्याचदा ती माणसांबद्दल असते, फक्त ताटाआडून केलेली. आपल्या गाड्या जोडणाऱ्या हातांचा चोखा आपल्या ताटात चालणार नसेल, तर मग आपल्याला त्यांच्यातलं नक्की काय चालतं?

असो. मोहरीचं तेल जरा बेतानेच घाला, सवय व्हायला वेळ लागतो. ठेच्याचं प्रमाण मी सांगायला नकोच.