विंडोज १० चा सपोर्ट संपला, मग दुकानातल्या जुन्या प्रोग्रॅमचं काय?

निळी किंवा काळी स्क्रीन, मोठी अक्षरं आणि माऊसची गरजच नाही. बिलिंगचा किंवा खात्यांचा असा प्रोग्रॅम आजही एखाद्या जुन्या दुकानात दिसतो. आता त्याच्यावर गंडांतर आलंय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण जादा मुदतीची योजना घेतली नसेल तर सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. मग लोक विंडोज ११ वर जातात आणि तिथे हा प्रोग्रॅम उघडतच नाही.

असं का होतं?

कुठलाही प्रोग्रॅम एकटा काम करत नाही. फाइल उघडणं, प्रिंटरला बिल पाठवणं ही कामं तो ऑपरेटिंग सिस्टीमकडून करून घेतो. डॉसच्या काळातले बहुतेक प्रोग्रॅम १६ बिटचे. ३२ बिट विंडोजमध्ये त्यांच्यासाठी एनटीव्हीडीएम नावाचा दुभाषा होता, ६४ बिटमध्ये तो नाही. विंडोज १० दोन्ही प्रकारांत मिळायची. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे.

एकेकाळी मायक्रोसॉफ्ट यासाठी वाट्टेल ते करायची. सिमसिटी या गेममध्ये मेमरीची एक चूक होती. प्रोग्रॅमर जोएल स्पोल्स्की यांनी सांगितलेला किस्सा असा, की विंडोजच्या टीमने सिमसिटी चालू आहे का हे तपासणारा खास कोडच विंडोजमध्ये घातला. चूक गेमची, दुरुस्ती विंडोजची!

प्रोग्रॅम नव्या विंडोजसाठी बदलून घेता येतो का?

येतो, पण त्यासाठी मूळ सोर्स कोड लागतो. तो बनवून देणारा माणूस सापडत नाही, ही नेहमीची रड. शिवाय भाषाही म्हातारी झालेली असते. असे कितीतरी प्रोग्रॅम फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले आहेत. त्या घराण्यातली शेवटची आवृत्ती, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, २००४ मध्ये आली आणि तिचा सपोर्ट २०१५ मध्ये संपला.

मग उरतं नव्याने लिहिणं. इथे खरा खर्च कोडपेक्षा नियम शोधण्यात होतो. कुठल्या गिऱ्हाइकाला किती सूट, पैसे कुठे पूर्णांकात करायचे, उधारीवर व्याज कधीपासून, हे कागदावर कुठेच नसतं, फक्त जुन्या प्रोग्रॅमला माहीत असतं. म्हणून निदान एक महिना दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवून बिलं ताडून पाहावी लागतात. हे टाळलं, की मार्चअखेरीला हिशेब जुळत नाही.

तात्पुरता उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर. त्यात जुनी ३२ बिट विंडोज टाकायची आणि तिला इंटरनेट द्यायचं नाही. डॉसबॉक्सही आहे, पण तो मुळात गेमसाठी बनलेला. त्यावर दुकानाचा हिशेब सोपवणं धोक्याचं.

आणि डेटा?

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइल लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडतात. त्यांची कॉपी आजच पेनड्राइव्हवर घ्यायला हवी, जुनी हार्डडिस्क सांगून बंद पडत नाही. ग्राहकांची नावं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर मात्र नव्या कॉम्प्युटरवर ‘कुलकर्णी’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. ती नावं फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागतात, आणि नंतर जोडाक्षरं एकेक करून डोळ्यांनी तपासावी लागतात.