देव्हारा नसलेल्या घरांतील मूर्ती

महाशिवरात्रीच्या सुमारास आपल्या खापरच्या रस्त्यानें गुजरातेंतील देवमोगरा मातेच्या यात्रेस जाणारे लोक आपण पाहतों. त्यांना पाहून एखादा ख्रिस्ती विद्यार्थी सहज म्हणून जातो, "आम्ही कांहीं मूर्तिपूजक नाहीं." हें वाक्य उच्चारण्यास सोपें आहे; पण तें खरें आहे काय, याचा विचार यात्रेकरूंकडे बोट न दाखवितां आपण आपल्यापुरताच केला पाहिजे.

पवित्र शास्त्रांत हिज्कीया राजाची गोष्ट आहे. मोशेनें अरण्यांत केलेला पितळी सर्प देवाच्याच आज्ञेनें झाला होता. त्याकडे पाहून सर्पदंश झालेले लोक वांचले होते. पुढें लोक त्या सर्पालाच धूप जाळूं लागले, तेव्हां हिज्कीयानें त्याचे तुकडे केले. यावरून दिसतें कीं, मूर्ति होण्यास वस्तु वाईटच असावी लागते असें नाहीं. देवानें दिलेली चांगली वस्तुही देवाच्या जागीं बसविली, कीं ती मूर्ति होते. पौलानें तर कलस्सैकरांस लिहितांना लोभाची गणना मूर्तिपूजेंतच केली आहे.

आतां आपल्या घरांत पाहूं. परीक्षेंतील गुण ही चांगली गोष्ट. परंतु त्यांसाठीं मुलगा नक्कल करतो आणि बाप तें ठाऊक असून गप्प बसतो, तेव्हां सत्याचा बळी कोणापुढें दिला गेला? लग्न हा आनंदाचा प्रसंग. परंतु लोकांनीं नांवें ठेवूं नयेत म्हणून कर्ज काढून मांडव घातला, तर ती पूजा कोणाची?

सर्वांत चिवट मूर्ति जातीची. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. पतीनें १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कांहीं वर्षांनीं त्या त्यांच्याजवळ परत आल्या, तरी त्यांनीं आपलें सोंवळें सोडलें नव्हतें. पुढें जातिभेद मनुष्यानेंच केला आहे अशी खात्री पटतांच त्यांनीं तो टाकला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं घेतला. त्यांनीं आधीं मूर्ति फोडली व मग बाप्तिस्मा घेतला. आपण बाप्तिस्मा घेतला. पण मुलीचें स्थळ पाहतांना पूर्वजांची जात अजूनही हळूच विचारतों!

मग ही मूर्ति ओळखावी कशी? मनाला तीन प्रश्न विचारावे. मी कशासाठीं खोटें बोलण्यास तयार होतों? काय गेलें असतां देवही गेला असें मला वाटेल? कशाच्या बळावर मी शेजाऱ्यास तुच्छ लेखतों? उत्तर जेथें सांपडेल, तेथेंच आपला देव्हारा आहे.

ही मूर्ति घणानें फुटत नाहीं. रोजच्या लहान लहान नकारांनीं ती झिजते. पालकहो, आपला मुलगा प्रामाणिकपणें मिळविलेले चाळीस गुण घेऊन खालीं मान घालून दारांत उभा राहील, तेव्हां त्यास जवळ घ्या. त्या क्षणीं तुमच्या घरांतील एक मूर्ति खचित भंगेल.