लोखंडी जंघांचें सैन्य

युद्धाचा खेळ मांडून युद्धाची हौस भागविणें हें मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आमच्या चतुरंगांत हत्ती, घोडे, रथ आणि पदाति हीं सेनेचीं चारी अंगें पटावर उतरलीं. बाणभट्टानें हर्षचरितांत राजाच्या शांततेच्या कारभाराची स्तुति करितांना या चतुरंगाचा उल्लेख केला आहे, तेव्हां सातव्या शतकांत हा खेळ येथें रूढ होता हें उघड आहे. तोच पुढें इराणांतून व अरबांकडून युरोपांत गेला. १७८० सालीं ब्रन्सविक येथील हेलविग नांवाच्या गणितज्ञानें बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर नद्या, डोंगर व तोफा आणिल्या. १८२४ सालीं रायस्वित्स नांवाच्या प्रशियन लष्करी अधिकाऱ्यानें नकाशावर फांसे टाकून खेळावयाचा युद्धखेळ सिद्ध केला आणि सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणांत त्याला स्थान मिळालें. १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या विख्यात इंग्रज कादंबरीकारानें खेळण्यांतले शिपाई घरच्या जमिनीवर मांडून लढण्याचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकांत छापले. ज्या खेळाविषयीं आज आम्ही लिहीत आहों तो विलायती खरा. परंतु त्याची वंशावळ काढूं गेल्यास मूळपुरुष आमच्याच पटावर सांपडतो.

या खेळाचें नांव ‘वॉरहॅमर ४०,०००’. १९७५ सालीं लंडनांत निघालेली व आतां नॉटिंगहॅम शहरीं ठाणें असलेली ‘गेम्स वर्कशॉप’ नांवाची कंपनी आहे. तिनें १९८७ सालीं तो प्रथम प्रसिद्ध केला. मूळ नियम रिक प्रीस्टली यांचे. एकेचाळिसाव्या सहस्रकांत मानवाचें साम्राज्य आकाशगंगेभर पसरलें आहे, पण तें आंतून कुजलेलें व बाहेरून वेढलेलें आहे, अशी त्याची कथाभूमि. घरें आंखलेला पट येथें नसतो. जेवणाच्या मेजाएवढ्या फळीवर पडक्या इमारती आणि खडक मांडावयाचे, दोघां खेळाडूंनीं आपापल्या सेना समोरासमोर उभ्या करावयाच्या, कोण किती पुढें सरला हें इंचांच्या फितीनें मोजावयाचें. आणि नेम लागला कीं नाहीं, लागला तर जखम झाली कीं नाहीं, झाली तर चिलखतानें वांचविलें कीं नाहीं, हें सारें सहा बाजूंच्या फांशांवर सोपवावयाचें. शिपाई आयते मिळत नाहींत. प्लॅस्टिकच्या चौकटींत हात, पाय, धड, बंदूक असे अवयव सुटे येतात. ते कापून, घासून, चिकटवून मग रंगवावे लागतात. पुरता उभा केलेला शिपाई आमच्या अंगठ्याहून मोठा नसतो, आणि त्याच्या पदराच्या कांठावर रेघ ओढण्यांत एकेक संध्याकाळ जाते.

आमचा दौहित्र इंग्लंडांत आईबापांजवळ असतो. गेल्या उन्हाळ्यांत आमचा तेथें दोन महिने मुक्काम होता. त्याच्या मेजावर हें सैन्य आम्हीं पाहिलें, आणि मुलगा सोळा वर्षांचा झाल्यामुळें तो कशांत रमतो हें पाहणें आजोबाचें कर्तव्यच आहे असें समजून त्याच्याकडून त्याची सारी कथा ऐकून घेतली.

या सेनेचें नांव स्किटारी. मंगळ ग्रहावर यंत्रोपासकांचा एक पंथ आहे, त्याला ‘अडेप्टस मेकॅनिकस’ म्हणतात. त्याच पंथाचें हें पायदळ. अंगावर तांबडे झगे, त्याखालीं धातूचे पाय, तोंडावर नळ्यांचे मुखवटे, आणि ध्वजावर अर्धी कवटी व अर्धें दांतेरी चक्र. पंथाची कल्पना जुनी आहे. परंतु स्किटारींची स्वतंत्र सेना व तिचें नियमपुस्तक २०१५ सालीं निघालें, आणि २०१७ सालीं तीं पंथाच्या इतर सेनेसह एका पुस्तकांत गोंवण्यांत आलीं. यंत्र हें शरीराहून शुद्ध, मांस हें दुर्बल, म्हणून जितकें मांस काढून टाकावें व जितकें लोखंड घालावें तितकें पुण्य अधिक, असा या पंथाचा सिद्धांत. पुरोहितांनीं स्वतःचे अवयव हौसेनें बदलून घेतलेले असतात. शिपायांना विचारतो कोण? त्यांचे पाय काढून तेथें न थकणारे यांत्रिक पाय बसवितात.

येथें आम्हांस विश्पलेची आठवण झाली. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत अश्विनीकुमारांचीं जीं स्तोत्रें आहेत त्यांत तिची कथा येते. खेल राजाच्या युद्धांत रात्रीं तिचा पाय तुटला, आणि त्या देववैद्यांनीं तिला पुन्हां धांवतां यावें म्हणून लोखंडी जंघा बसवून दिली. आयसी जंघा हा शब्द तेथें स्पष्ट आहे. कोणी यावरून आमच्या पूर्वजांस सर्व शस्त्रक्रिया अवगत होती असें सिद्ध करावयास धांवेल, तर आम्ही त्याच्याबरोबर जाणार नाहीं. कवीच्या कल्पनेला कारखान्याचा दाखला समजूं नये. पण ती कल्पनाच किती सुंदर आहे! जिचा पाय गेला तिला पाय मिळाला. पुण्यास १९४४ सालीं कृत्रिम अवयवांचें लष्करी केंद्र निघालें तें याच भावनेनें; १९६८ च्या सुमारास जयपुरास डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं अनवाणी चालतां येईल, मांडी घालून बसतां येईल असा पाय तयार केला तोही याच भावनेनें. स्किटारीच्या बाबतींत क्रम उलटा आहे. त्याचा पाय शाबूत असतो. तो कापतात, कारण लोखंडाचा पाय अधिक दूर चालतो. लोखंड तेंच, जंघाही तीच, पण एके ठिकाणीं वैद्य आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं लोहार.

अशा योद्ध्यांना इंग्रजींत ‘सायबरनेटिक’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशीं गेल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं, ही जुन्या मास्तरकीची खोड. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञानें १९४८ सालीं आपल्या ग्रंथाला हें नांव दिलें तें एका ग्रीक शब्दावरून, आणि त्या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. म्हणजे आमचा कर्णधार. आतां गंमत पहा. या सेनेंत सुकाणू शिपायाच्या हातीं मुळींच नाहीं. पुरोहित दूर सुरक्षित जागीं बसून शिपायाच्याच डोळ्यांनीं रणांगण पाहतो, आणि लहर लागेल तेव्हां त्याच्या देहाचा ताबा घेऊन त्याला लढवितो. भीति वाटली तर ती पुसून टाकतो. खेळाच्या नियमांतही हें उतरलें आहे: सेनेला दोन प्रकारच्या आज्ञा देतां येतात, एक जागा धरून नेमानें गोळ्या झाडण्यास साह्य करणारी, दुसरी पुढें घुसण्यास साह्य करणारी. आज्ञा सुटली कीं सर्वांनीं तसें वागावयाचें. आम्ही दौहित्रास म्हणालों, “अरे, मग यांत शूर कोण?” तो क्षणभर थांबला व म्हणाला, “आजोबा, कोणीच नाहीं. पुरोहित लढत नाहीं आणि शिपायाला पर्याय नाहीं.” उत्तर आम्हांस आवडलें. पर्याय असतांना जो उभा राहतो त्यालाच शूर म्हणावें, हें गीतेच्या आरंभीं अर्जुन धनुष्य खालीं ठेवतो त्यावरूनच आम्ही समजत आलों आहों. ज्याला धनुष्य खालीं ठेवतांच येत नाहीं, त्याला उपदेश तरी कशाचा करणार?

या सेनेंत व्हॅनगार्ड नांवाचे शिपाई आहेत, त्यांची कथा सर्वांत भयंकर. त्यांच्या बंदुका रेडियमच्या. त्या बाळगून बाळगून ते स्वतःच किरणांनीं भाजून निघतात व हळूहळू मरतात. त्यांच्या नुसत्या सान्निध्यानें शत्रूही क्षीण होतो, म्हणून खेळाच्या एका आवृत्तींत त्यांच्याशीं भिडलेल्या शत्रूच्या कणखरपणांतून एक अंक वजा करावयाचा नियम होता. स्वतःच्याच शस्त्रानें रोज थोडें थोडें मरणें, आणि तें मरण ज्याच्या हिशेबीं खर्ची पडतें तो मालक दूर असणें, ही कल्पना कोणाला अतिशयोक्तीची वाटेल. ती अतिशयोक्ति नव्हे. अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतल्या ऑरेंज गांवीं १९१७ पासून एका कारखान्यांत घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारांत चमकणारे आंकडे रंगविण्यासाठीं तरुण मुली कामास असत. त्या रंगांत रेडियम होतें. आंकडा बारीक यावा म्हणून कुंचल्याचें टोंक ओठांनीं साधावयाचें, रंगांत बुडवावयाचें, रंगवावयाचें आणि पुन्हां ओठांस लावावयाचें, असें त्यांना शिकविलें होतें. रंग निरुपद्रवी आहे असेंही सांगितलें होतें. त्याच संस्थेंतले रसायनज्ञ मात्र शिशाचे पडदे व चिमटे वापरीत. रेडियम शरीरांत गेलें कीं चुन्याच्या अंशाप्रमाणें हाडांत जाऊन बसतें, आणि त्याचें अर्धें बळ सरावयास सुमारें १६०० वर्षें लागतात. मुलींचे दांत पडले, जबड्याचीं हाडें कुजलीं. ग्रेस फ्रायर नांवाच्या मुलीनें वकील शोधण्यांत फार काळ घालविला, आणि १९२७ सालीं ती व दुसऱ्या चौघी न्यायालयांत उभ्या राहिल्या. १९२८ सालीं तडजोड झाली: प्रत्येकीस १०,००० डॉलर, वर्षास ६०० डॉलर व औषधोपचाराचा खर्च. पुढें कामगारांच्या संरक्षणाचे कायदे होण्यास या खटल्याचा मोठा उपयोग झाला. पण त्या पांचजणींस तो व्हावयाचा नव्हता.

हें आम्हीं मुलास सांगितलें त्या वेळीं तो एका व्हॅनगार्डाच्या बंदुकीवर हिरवा ठिपका देत होता, आणि ठिपका बारीक यावा म्हणून कुंचल्याचें टोंक त्यानें नुकतेंच ओठांत धरलें होतें. बाहुल्या रंगविणाऱ्यांत ही संवय सर्वत्र आहे म्हणे. आजचे रंग पाण्यांत मिसळणारे असतात व त्यांत रेडियम नसतें हें आम्हांस ठाऊक आहे. तरीही त्यानें कुंचला खालीं ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून टोंक साधण्यास ओली चिंधी घेतली. आम्हीं त्याला तसें सांगितलें नव्हतें.

आतां पुरोहितांविषयीं. एवढे यंत्रोपासक, तेव्हां ते यंत्रविद्येंत पारंगत असतील असें कोणीही समजेल. तसें नाहीं. विद्या केव्हांच लोपली आहे. यंत्र सुरू करावयाचें तर सुगंधी तेल लावून, मंत्र म्हणून, ठरलेल्या क्रमानें कळा दाबावयाच्या; कळ कां दाबावयाची हें विचारणें पाप. नवें शोधण्यापेक्षां जुन्या काळचे आराखडे कोठें पुरलेले सांपडतात काय हें पाहत आकाशगंगा धुंडाळणें, हा त्यांचा पुरुषार्थ. हें ऐकून आम्हांस हसूं आलें नाहीं. अर्थ न जाणतां वेद पाठ करणाऱ्यास यास्कानें निरुक्तांत भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे, आणि आमच्या समाजांत असे खांब कमी झाले नाहींत. पस्तीस वर्षें आम्हीं संस्कृत शिकविलें. रूपें पाठ करून घेतलीं आणि त्याचा आम्हांस खेद नाहीं, कारण पाठांतरावांचून भाषा जिभेवर बसत नाहीं. परंतु ‘असें कां?’ विचारणारा एखादा मुलगा वर्गांत निघाला कीं तो तास वाया गेला असें आम्हीं कधीं मानलें नाहीं.

याहून मौजेची गोष्ट अशी कीं, या साम्राज्यांत स्वतः विचार करणारें यंत्र बनविणें हा महापातकाचा गुन्हा आहे. पूर्वीं तशीं यंत्रें माणसांवर उलटलीं, म्हणून हा निर्बंध. पण काम तर व्हावयास हवें! मग करावें काय? गुन्हेगारांचीं मनें पुसून त्यांच्या धडांना हत्यारें जोडावयाचीं व त्यांच्याकडून यंत्राचें काम घ्यावयाचें. यंत्राला माणूस होऊं द्यावयाचें नाहीं, म्हणून माणसाचें यंत्र केलें. सध्यां वृत्तपत्रांत विचार करणाऱ्या यंत्रांची चर्चा रोज असते, आणि त्यांपासून भय आहे कीं नाहीं यावर विद्वान् वाद घालतात. त्या वादांत हें दुसरें भय कोणी फारसें मांडीत नाहीं. तें एका खेळण्यांत मांडलेलें आम्हांस आढळलें.

मुलीचा आक्षेप निराळा होता. असली क्रूर सेना रंगवून रंगवून मुलाचें मन निबर होईल, आणि तिचा डौल त्याला भुरळ घालील, अशी तिला धास्ती. ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कंपनीनेंच २०२१ सालीं निवेदन काढून, हें साम्राज्य अनुकरणासाठीं नसून उपहासासाठीं रंगविलें आहे असें बजावलें. बजावावें लागलें यावरूनच कांहीं खेळाडूंना उपहास दिसत नाहीं हें ठरतें. शिवाय उपहास करावयाचा आणि त्याच सैन्याच्या पेट्या भारी किंमतीस विकावयाच्या, हें दोन्ही एकाच दुकानांत कसें चालतें तें आम्हांस उमगत नाहीं. तरी आमचें मत मुलाच्या बाजूनें पडलें. जो मुलगा महिनाभर बसून दहा शिपाई पुरे करितो, त्याच्या हातून माणसाचा हिशेब सहजासहजीं डझनांनीं होणार नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मूळ कथेंत या शिपायांस बहुधा अंक व अक्षरें जोडून केलेलीं नांवें असतात, मालावर खूण असावी तशीं. आमच्या दौहित्रानें प्रत्येकाच्या बैठकीच्या खालच्या अंगास खरें नांव लिहावयास आरंभ केला आहे. एकावर ‘ग्रेस’ आहे. दुसऱ्यावर ‘विश्पला’ देवनागरींत लिहावयाचें होतें, म्हणून अर्धा श काढावयास तो आमच्याकडे आला. जागा इतकी लहान कीं तीनदां पुसावें लागलें. आम्ही निघालों त्या दिवशीं चौघांचीं नांवें लिहून झालीं होतीं, सहांचीं ठरावयाचीं होतीं.