बांगडी फोडणारा हात कोणाचा?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, घरचा कर्ता पुरुष मेला म्हणजे आपल्या दारात काय घडते, ते आम्ही निराळे सांगावयास नको. चारजणी उठतात, दुःखाने अर्धमेल्या झालेल्या बाईचे हात धरतात, बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, पायांतील जोडवी ओढून काढतात. बायको मेलेल्या गड्याचे कोणी काय काढून घेतले आहे काय? त्याचा फेटा जागच्या जागी असतो आणि वर्ष भरण्याच्या आत बाशिंगाची बोलणी सुरू होतात!

हे भटांनी लावून दिले, असे म्हणून आपण हात झाडतो. मूळ कोणी लावले याचा झाडा जोतीरावांनी केव्हाच घेतला आहे. परंतु आज बांगडी फोडावयास भट येत नाही. आपलीच जाऊ, आपलीच नणंद पुढे होते, आणि आपण पुरुष ओट्यावर मान खाली घालून उभे असतो. आम्हीही तसे उभे राहिलो आहो. लाज वाटते, पण लपवीत नाही.

कुणब्यामाळ्यांत पूर्वी पाटाची चाल होती. विधवा पुन्हा संसार मांडीत असे. घराणे मोठे म्हणवून घेण्याच्या हौसेने कित्येकांनी ती टाकली व दुसऱ्याचे सोवळे उसने आणले. उसने आणावयाचे तर विद्या आणावी. आपण आणले काय, तर विधवेचे हाल!

म्हणे तिचा हात अशुभ. तोच हात भांगलायला चालतो, म्हशीची धार काढायला चालतो, त्या हाताने निवडलेले तांदूळ देवाच्या नैवेद्यासही चालतात. मग पोटच्या लेकीची ओटी भरतानाच त्यास विटाळ कोठून येतो?

रूढीस स्वतःचे हात नसतात, ती आपले वापरते. हे मुंबईच्या न्हावी बांधवांनी १८९० साली ओळखले. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने त्यांनी सभा भरविली आणि विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाही असे ठरविले. ज्यांची डोकी भादरली जात त्या बाया बहुतेक त्यांच्या जातीच्या नव्हत्या, आणि त्या कामाची मजुरी मात्र त्यांच्या पोटाची होती. तरी त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या निधनास १०० वर्षे होत असता, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गावाने तेच केले. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे सर्व बंद, असा ग्रामसभेने ठराव केला. त्याच महिन्याच्या १७ तारखेस सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस हाच कित्ता गिरविण्यास सांगितले. हेरवाडवर आकाश कोसळले नाही.

कोणी म्हणतात, आधी कडक कायदा येऊ द्या. अहो, बांगडी फुटावयास किती वेळ लागतो? फौजदार तालुक्याहून निघेपर्यंत हात रिकामे झालेले असतात. तेथे उपयोगी पडेल ती शेजारीण, जी म्हणेल, “हात सोडा तिचा.”

आमच्या गावी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावयाचा आहे. कागद आम्ही लिहून ठेवला आहे. सूचक आम्ही होऊ. अनुमोदक मात्र ज्याच्या घरी विधवा सून आहे असा कोणी पाहिजे. अद्याप कोणी आलेला नाही.